फायरवॉल ‘ब्लॉक’ म्हणते, तरी साइट उघडते: एचटीटीपीएस फिल्टरिंग पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजारात एका ट्रस्टची अभ्यासिका आहे. खाली ३८ संगणक, वर मुलींचं वसतिगृह, मागच्या खोलीत ट्रस्टचं हिशेबाचं ऑफिस. तिथली फायरवॉल बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, कॅटेगरी निवडायच्या, ‘ब्लॉक’वर टिक करायची, झालं. आठवड्याने वॉर्डनबाईंना रिपोर्ट दाखवला. सट्ट्याच्या साइट्ससमोर लाल अक्षरांत ‘ब्लॉक्ड’, अशा शेकडो ओळी. त्यांनी कागद बाजूला ठेवला, मला १४ नंबरच्या मशीनपाशी नेलं आणि म्हणाल्या, “हे बघ.” क्रिकेटवर पैसे लावायची साइट समोर उघडी होती, आकडे पळत होते. एका ब्राउझरमध्ये ती अडत होती, दुसऱ्यात सरळ उघडत होती.

फायरवॉल खोटं बोलत नव्हती. तिला जेवढं दिसत होतं तेवढं ती अडवत होती. बाकीचं तिच्या शेजारून जात होतं. पुढचे चार महिने मी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. कुठल्याही कंपनीची फायरवॉल असो, मेनूतली नावं थोडीफार बदलतील, काम हेच राहील.

कामाला हात घालण्यापूर्वी हे जमवा

- सगळ्या मशीनची यादी: ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, मशीन संस्थेचं की कुणाचं स्वतःचं, विंडोज डोमेनला (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची सोय) जोडलेलं आहे की नाही.
- नेटवर्कचा हाताने काढलेला नकाशा. कुठला स्विच, कुठला वायफाय, इंटरनेटच्या लाइन किती.
- ट्रस्टी, मालक किंवा प्राचार्य यांची लेखी परवानगी. तोंडी होकारावर हे काम करू नका.
- फायरवॉलच्या सेटिंगचा बॅकअप, फायरवॉलबाहेर ठेवलेला.
- तपासणीचा एक लॅपटॉप. त्याला ॲडमिनची कुठलीही सवलत नको. त्यावर क्रोम, फायरफॉक्स आणि वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर).
- एक अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन.
- फायरवॉलची डेटाशीट.
- एक वही. तुम्ही काय बदललं आणि कुठल्या तारखेला, हे तीन महिन्यांनी फक्त वहीलाच आठवत असतं.

१. आधी बघा, फायरवॉलला दिसतं तरी काय

आंगडियाकडे दिलेलं पाकीट आठवा. वर नाव आणि गाव, आत काय आहे ते पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच ठाऊक. एचटीटीपीएसचं, म्हणजे कुलूप लावून जाणाऱ्या वेबचं, ट्रॅफिक तसंच असतं. ब्राउझर साइटशी बोलायला जातो तेव्हा त्याचा पहिला निरोप, ज्याला क्लायंट हॅलो म्हणतात, तो उघडा जातो. त्यात साइटचं नाव असतं, ते म्हणजे एसएनआय. फायरवॉल हे नाव वाचते, आपल्या यादीत त्याची कॅटेगरी शोधते आणि सोडायचं की अडवायचं ते ठरवते.

हे कुलूप लावायच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. टीएलएस १.२ मध्ये साइटचं सर्टिफिकेटही, म्हणजे तिचं ओळखपत्र, उघडं यायचं. त्यामुळे वरचं नाव आणि सर्टिफिकेटावरचं नाव जुळतंय का, हे वाटेतल्या फायरवॉलला पडताळता यायचं. ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ चं प्रमाण आलं आणि सर्टिफिकेटही पाकिटाच्या आत गेलं. पाकीट न उघडता बघायचं म्हटलं तर आता हाती उरतं ते एसएनआय, आयपी पत्ता आणि डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे, झालेली विचारणा.

यातून तीन अडचणी निघतात. डोमेनच्या पुढचा पत्ता दिसत नाही, म्हणून व्हिडिओच्या साइटवरचा एक व्हिडिओ अडवून बाकीचे सोडता येत नाहीत. दुसरी अशी, की गुगल साइट्सवर कुणीही पान बनवू शकतं आणि फायरवॉलला त्या सगळ्या पानांचं नाव एकच दिसतं. तसंच भाषांतराच्या सेवेतून एखादी अडवलेली साइट उघडली तर नाव भाषांतर सेवेचं दिसतं. तिसरी अडचण जास्त वाईट. एसएनआय हे ब्राउझरने सांगितलेलं नाव आहे आणि आपण ते खरं धरून चालतो. काही प्रॉक्सी आणि व्हीपीएन ॲप (ट्रॅफिक दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारी) तिथे मुद्दाम एखादं साधंभोळं नाव लिहितात आणि जोडणी भलतीकडेच करतात. बऱ्याच फायरवॉलमध्ये यावर उपाय असतो: ती स्वतः त्या सर्व्हरशी वेगळी जोडणी करून सर्टिफिकेट मागवते आणि नाव ताडून बघते. तुमच्याकडे तो पर्याय असेल तर चालू करा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तपासणीच्या लॅपटॉपवर वायरशार्क लावा, एखादी साइट उघडा, क्लायंट हॅलोचं पॅकेट शोधा आणि त्यातली सर्व्हर नेमची ओळ उघडा. साइटचं नाव साध्या अक्षरांत लिहिलेलं दिसेल. आठ दिवस वाचून माझ्या डोक्यात जे शिरत नव्हतं ते त्या एका ओळीने शिरलं.

२. नुसतं नाव वाचायचं की पाकीट उघडायचं, ते ठरवा

नुसतं नाव आणि सर्टिफिकेट बघण्याला बहुतेक ठिकाणी सर्टिफिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. पाकीट उघडण्याला डीप इन्स्पेक्शन किंवा डिक्रिप्शन. स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना पीक, स्प्लाइस आणि बम्प हे शब्द भेटतील: डोकावून बघणं, न उघडता जाऊ देणं, आणि उघडणं.

पाकीट उघडताना एका जोडणीच्या दोन होतात. एक तुमच्या मशीनपासून फायरवॉलपर्यंत, दुसरी फायरवॉलपासून साइटपर्यंत. मधे फायरवॉल सगळं वाचते आणि तुमच्या ब्राउझरला त्या साइटच्या नावाचं नवं सर्टिफिकेट जागच्या जागी बनवून देते, स्वतःच्या सहीचं. ब्राउझरने ती सही मानावी म्हणून फायरवॉलचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे तिच्या सहीची ओळख पटवणारं मूळ सर्टिफिकेट, मशीनवर टाकावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. संस्थेच्या मालकीच्या मशीनवर पाकीट उघडा. लोकांच्या स्वतःच्या फोनवर फक्त नाव वाचा. वसतिगृहातल्या मुलीच्या फोनमध्ये तिचं घर आहे, तिचा दवाखाना आहे, तिची बँक आहे. तिथे आपलं रूट सर्टिफिकेट टाकायला सांगायचा आपल्याला हक्क नाही. म्हणून दोघांचं नेटवर्क वेगळं करा: संस्थेच्या मशीनची एक व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क), वायफायवरच्या फोनची दुसरी, हिशेबाच्या ऑफिसची तिसरी. ही वाटणी आधी केली नाही तर पुढची प्रत्येक पायरी दुप्पट कठीण होते.

३. बाजूचे दरवाजे बंद करा

ही पायरी सोडून लोक थेट सर्टिफिकेटकडे जातात. मीही गेलो होतो. १४ नंबरच्या मशीनवर जे झालं ते याच पायरीवर चुकलं होतं.

क्विक प्रोटोकॉल. वेब म्हणजे टीसीपी ४४३ असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं (टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती, ४४३ हा पोर्टचा नंबर). क्विकचं प्रमाण मे २०२१ मध्ये आलं आणि त्यावर चालणारं एचटीटीपी/३ जून २०२२ मध्ये. हे दोन्ही यूडीपी ४४३ वरून चालतात. आमच्या फायरवॉलचं वेब फिल्टर फक्त टीसीपी बघत होतं आणि ‘बाहेर जाणारं सगळं चालू द्या’ या शेवटच्या नियमातून यूडीपी ४४३ बिनबोभाट जात होतं. ज्या ब्राउझरने क्विक वापरलं त्यात साइट उघडली, ज्याने टीसीपी वापरलं त्यात अडली. तुमची फायरवॉल क्विक उघडून तपासू शकत नसेल तर बाहेर जाणारं यूडीपी ४४३ अडवा. ब्राउझर आपोआप टीसीपीवर येतो, वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही.

डीएनएस. साधं डीएनएस पोर्ट ५३ वरून उघडं जातं. डीएनएस ओव्हर टीएलएस पोर्ट ८५३ वरून जातं, ते अडवायला सोपं. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, म्हणजे डीओएच, हे ४४३ वरून जातं आणि बाहेरून इतर वेबसारखंच दिसतं. उपाय तिहेरी आहे. मशीननी फक्त तुमच्याच डीएनएसला विचारावं म्हणून बाहेरचं ५३ आणि ८५३ बंद करा. डीओएच देणाऱ्या सर्व्हरची कॅटेगरी फायरवॉलमध्ये असेल तर ती अडवा. आणि संस्थेच्या मशीनवर ब्राउझरच्या पॉलिसीतूनच डीओएच बंद करा. फायरफॉक्ससाठी एक जास्तीची सोय आहे: ‘यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ या नावाला तुमच्या डीएनएसने ‘असं नाव नाही’ असं उत्तर दिलं की फायरफॉक्स स्वतःहून लावलेलं डीओएच बंद ठेवतो. मात्र वापरणाऱ्याने ते हाताने चालू केलं असेल तर तो या उत्तराकडे बघत नाही. या एका युक्तीवर विसंबू नका.

ईसीएच, म्हणजे एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो. यात क्लायंट हॅलोही पाकिटात जातो. बाहेर दिसतं ते सेवा देणाऱ्या कंपनीचं सामाईक नाव, खरं नाव आत. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे २०२३ पासून आलं आहे. इथे पहिल्या पायरीतलं नाव वाचण्याचं सगळं गणितच कोसळतं. पण ईसीएचची किल्ली ब्राउझरला डीएनएसच्या एचटीटीपीएस रेकॉर्डमधून मिळते. डीएनएस तुमच्या हातात असेल आणि त्या रेकॉर्डमधला तो भाग तुम्ही काढून टाकलात तर ब्राउझर साध्या हॅलोवर येतो. म्हणूनच डीएनएसचं काम मी क्विकच्या लगेच मागे ठेवलं. क्रोमला डीओएच, क्विक आणि ईसीएच बंद ठेवायच्या तीन वेगवेगळ्या पॉलिसी आहेत. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोज डोमेनवरून सगळ्या मशीनवर सेटिंग पोचवायच्या सोयीतून, तिन्ही एकदम लावा.

आयपीव्ही६. ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही४ जुनी. सगळे नियम आयपीव्ही४ साठी लिहिलेले आणि इंटरनेटच्या लाइनवर आयपीव्ही६ चालू, ही गत मी बडोद्यातल्या तीन ठिकाणी बघितली आहे. एक तर तेच नियम आयपीव्ही६ वरही लिहा, नाहीतर जोपर्यंत जमत नाही तोपर्यंत आतल्या नेटवर्कवर ते देऊ नका.

आयक्लाउड प्रायव्हेट रिले. ही ॲपलची ट्रॅफिक लपवून नेणारी सेवा. आयफोनवाल्यांसाठी ॲपलने नेटवर्क चालवणाऱ्यांना रस्ता दिला आहे: ‘मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ आणि ‘मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ या दोन नावांना ‘असं नाव नाही’ हे उत्तर द्या. फोन वापरणाऱ्याला तसा संदेश दिसतो आणि काय करायचं ते त्याचं तो ठरवतो.

व्हीपीएनची कॅटेगरी अडवा, पण ती पूर्ण अडेल अशी अपेक्षा धरू नका.

४. रूट सर्टिफिकेट: स्वतःचं, एकच, आणि किल्ली सांभाळून

आपल्या शेजारच्या अहमदाबादेतली गोष्ट आहे, म्हणून नवीन माणसाला मी ही आधी सांगतो. सायबरोम ही तिथली फायरवॉल बनवणारी कंपनी, नंतर २०१४ मध्ये सोफोसने घेतली. जुलै २०१२ मध्ये ओळख लपवून ब्राउझिंग करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टॉर प्रकल्पाच्या लोकांनी दाखवून दिलं की सायबरोमच्या सगळ्या यंत्रांत एचटीटीपीएस तपासणीसाठी एकच रूट सर्टिफिकेट आणि एकच खाजगी किल्ली होती. म्हणजे एका यंत्रातून किल्ली काढली की जगात जिथे जिथे ते सर्टिफिकेट मशीनवर टाकलं होतं तिथलं ट्रॅफिक वाचता येणार. कंपनीने नंतर प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली देणारी दुरुस्ती काढली. २०१५ मध्ये लेनोव्होच्या लॅपटॉपवर आधीपासून टाकलेल्या सुपरफिश या सॉफ्टवेअरनेही हीच चूक केल्याचं उघड झालं: सगळ्या लॅपटॉपवर एकच किल्ली.

म्हणून फायरवॉलसोबत आलेलं तयार सर्टिफिकेट वापरू नका. नवं बनवा. नावात संस्थेचं नाव येऊ द्या, म्हणजे वापरणाऱ्याला ते ओळखू येईल. मुदत वहीत लिहा. खाजगी किल्ली ईमेलने पाठवू नका, पेन ड्राइव्हवर फिरवू नका. फायरवॉलच्या बॅकअप फाइलमध्येही बहुधा ती किल्ली असते, म्हणून बॅकअपला पासवर्ड लावा. हिशेबाचे काका तिजोरी सांभाळतात तशी ती सांभाळायची.

मशीनवर टाकताना:

- विंडोज डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीतून ‘ट्रस्टेड रूट’मध्ये. क्रोम आणि एज तिथून घेतात.
- फायरफॉक्सची सर्टिफिकेटची पेटी वेगळी असते. सिस्टिमवरची सर्टिफिकेट मानायची सेटिंग पॉलिसीतून चालू करा.
- आयफोनवर प्रोफाइल टाकून भागत नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउट यात खाली सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी परवानगी द्यावी लागते.
- अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ॲप वापरणाऱ्याने टाकलेल्या रूट सर्टिफिकेटवर आपोआप विश्वास ठेवत नाहीत. क्रोममध्ये साइट नीट उघडेल आणि ॲप मात्र ‘नेटवर्क नाही’ म्हणत बसेल. संस्थेचे टॅबलेट असतील तर हे आधी करून बघा.

सापळा: सर्टिफिकेट सगळीकडे पोचण्याआधी तपासणी चालू केली की प्रत्येक साइटवर ब्राउझर धोक्याची सूचना देतो. आमच्याकडे असं झालं तेव्हा मी मुलांना सांगितलं, ‘ॲडव्हान्स्ड’वर जा आणि पुढे चला. तीन दिवस ते चाललं. महिन्याभराने एका मुलाने खऱ्याखुऱ्या खोट्या साइटवरची सूचनाही तशीच ओलांडली, पासवर्ड गेला. ती सवय मी लावली होती. सूचना ओलांडा, हे वाक्य कुणालाही, कधीही सांगू नका. सर्टिफिकेट नाही तर तपासणी नाही, असा क्रम ठेवा.

५. फायरवॉल समोरच्या साइटचं सर्टिफिकेट तपासते का, ते तपासा

सगळ्यात कमी लोक ही पायरी करतात आणि सगळ्यात मोठं भोक इथे असतं.

पाकीट उघडणं चालू झालं की ब्राउझरला खऱ्या साइटचं सर्टिफिकेट दिसतच नाही. त्याला फायरवॉलने बनवलेलं दिसतं. म्हणजे खरं सर्टिफिकेट मुदत संपलेलं आहे, दुसऱ्याच नावाचं आहे, कुणी घरी बनवलेलं आहे, हे बघायची जबाबदारी आता फायरवॉलची. तिने ती टाळली तर एखाद्या भामट्याच्या साइटवरही तुमच्या मुलांना कुलूप लागलेलं दिसणार, आणि ते कुलूप तुम्ही दिलेलं असणार.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं आढळलं की नेटवर्कवरच्या अशा पेट्यांमधून गेलेल्या ट्रॅफिकपैकी ६२ टक्क्यांची सुरक्षा मुळापेक्षा कमी झाली होती आणि ५८ टक्के जोडण्यांमध्ये गंभीर कच्चेपणा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबर सुरक्षा संस्थेने एचटीटीपीएस मधेच उघडण्याबद्दल इशारा दिला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या एनएसए या गुप्तचर संस्थेनेही या धोक्याबद्दल सूचना काढली.

चाचणी सोपी आहे. बॅडएसएसएल डॉट कॉम ही साइट मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेट ठेवते. तपासणी चालू असलेल्या मशीनवरून तिची ही पानं एकेक करून उघडा:

- एक्स्पायर्ड: मुदत संपलेलं
- राँग डॉट होस्ट: नाव न जुळणारं
- सेल्फ-साइन्ड: स्वतःच सही केलेलं
- अनट्रस्टेड-रूट: अनोळखी रूटचं
- रिव्होक्ड: रद्द केलेलं

प्रत्येक पानावर एक तर फायरवॉलचं अडवल्याचं पान यायला हवं, नाहीतर ब्राउझरची सूचना. पान सरळ उघडलं तर ते वहीत लाल शाईने लिहा. आमच्याकडे पहिल्या फेरीत पाचपैकी तीन पानं बिनतक्रार उघडली. फायरवॉलमध्ये ‘अविश्वसनीय सर्टिफिकेट’ या सेटिंगवर ‘अलाऊ’ होतं आणि रद्द झालेलं सर्टिफिकेट तपासणं बंद होतं. दोन्ही बदलल्यावर दुसऱ्या फेरीत पाचही अडली.

इथल्या एका सापळ्यात बरेच जण अडकतात. बऱ्याच फायरवॉलमध्ये सहीसाठी दोन सर्टिफिकेट असतात. चांगल्या साइटसाठी पहिल्याची सही, खराब साइटसाठी दुसऱ्याची. दुसरं सर्टिफिकेट मुद्दामच अविश्वसनीय असतं, म्हणजे ब्राउझरने ओरडावं. ‘सूचना येतात, काहीतरी कर’ अशी तक्रार आली की माणूस दोन्ही सर्टिफिकेट मशीनवर टाकतो आणि सगळं शांत होतं. त्या शांततेचा अर्थ एवढाच, की धोक्याची घंटा काढून ठेवली. मशीनवर फक्त पहिलं टाका.

अजून एक: हाऊज माय एसएसएल डॉट कॉम ही साइट तुमच्या बाजूने कुठली टीएलएस आवृत्ती आणि कुठले सायफर (मजकूर गुप्त करायच्या रीती) आले ते सांगते. तपासणी चालू असलेल्या मशीनवरून उघडाल तेव्हा ती फायरवॉलचा हिशेब सांगते, ब्राउझरचा नाही. ब्राउझर १.३ बोलतो आणि फायरवॉल पुढे १.० किंवा १.१ बोलते, असं दिसलं तर किमान आवृत्ती १.२ करा आणि फर्मवेअर अद्ययावत करा.

६. काय उघडायचं नाही, त्याची यादी

महिन्याची सात तारीख, पगाराचा दिवस. हिशेबाचे काका बँकेचं सॉफ्टवेअर उघडतात आणि ते ‘सर्व्हरशी जोडणी नाही’ म्हणतं. ब्राउझरमध्ये बँक उघडते, सॉफ्टवेअरमध्ये नाही. दुपारी दोनपर्यंत आम्ही केबल, राउटर, बँकेचा हेल्पलाइन नंबर असं सगळं फिरून आलो. शेवटी फायरवॉलच्या लॉगमध्ये तीच ओळ वारंवार दिसली: क्लायंटने सर्टिफिकेट नाकारलं. काही ॲप आपल्या सर्व्हरचं सर्टिफिकेट पक्कं ओळखून ठेवतात, त्याला पिनिंग म्हणतात. मधे दुसऱ्याची सही दिसली की ती बोलायचंच बंद करतात, आणि ते बरोबरच करतात. ते नाव न उघडण्याच्या यादीत घातलं आणि काका म्हणाले, “चला, आता पगार जातील.”

म्हणून पहिल्या दिवसापासून ही यादी ठेवा: बँका आणि पैसे पाठवण्याच्या सेवा, जीएसटी आणि आयकराचं पोर्टल, आरोग्य आणि दवाखाने, जिथे लॉगिनला मशीनवरचं क्लायंट सर्टिफिकेट लागतं अशा साइट, आणि विंडोजचे अपडेट. उघडायचं नाही म्हणजे फिल्टर करायचं नाही असं नव्हे. नावावरून कॅटेगरी बघणं चालूच राहतं.

यादीतली नावं शक्य तितकी नेमकी लिहा. घाईत कुणी एखाद्या मोठ्या सीडीएनचं (अनेक साइटची पानं पोचवणारी सेवा) अख्खं डोमेन पुढे तारा (*) लावून सोडतं आणि त्या मागे बसलेल्या हजारो साइट तपासणीतून सुटतात. प्रत्येक नावासमोर तारीख, कारण आणि कुणी मागितलं ते लिहा.

७. लोकांना सांगा, आणि लॉगला कुलूप लावा

पाकीट उघडलं की लॉगमध्ये पूर्ण पत्ते येतात, कधी शोधलेले शब्दही. एका विद्यार्थिनीने कुठल्या आजाराबद्दल वाचलं, हे मला ऑफिसात बसून कळू शकतं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून वाचनालयांची यंत्रणा उभी केली, ती सामान्य माणसाने निर्धास्त वाचावं म्हणून. त्या गावातल्या अभ्यासिकेत कोण काय वाचतंय याची नोंद ठेवताना माझा हात अडखळतो, आणि तुमचाही अडखळायला हवा.

म्हणून आम्ही लॉग बघायचा हक्क दोघांनाच ठेवला आणि कुणी, कधी, का बघितला याची नोंद ठेवतो. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा देणारे, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. तुमची संस्था यात बसते का, ते लेखी विचारून घ्या. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. सूचना न लावता तपासणी करायचे दिवस गेले.

आमच्या भिंतीवरची सूचना अशी आहे, मराठी, गुजराती आणि इंग्रजीत. हवी तर जशीच्या तशी घ्या:

“या संगणकांवरचं इंटरनेट संस्थेच्या फायरवॉलवर उघडून तपासलं जातं. बँक, सरकारी पोर्टल आणि आरोग्याच्या साइट उघडल्या जात नाहीत. वायफायवरच्या तुमच्या फोनचं ट्रॅफिक उघडलं जात नाही, फक्त साइटचं नाव बघितलं जातं. नोंदी १८० दिवस ठेवल्या जातात. एखादी साइट चुकून अडली असेल तर काउंटरवरच्या वहीत लिहा.”

८. पाच मशीनपासून सुरुवात

डेटाशीटवर पहिल्या ओळीत जो मोठा वेगाचा आकडा असतो तो पाकीट न उघडता मिळणारा. एसएसएल इन्स्पेक्शन थ्रूपुटचा, म्हणजे पाकीट उघडून तपासतानाच्या वेगाचा, आकडा खाली कुठेतरी असतो आणि बराच लहान असतो. खरेदी त्या आकड्यावर करा. फायरवॉलवर ताण आला की ती काय करते तेही विचारा: काही न तपासता सोडतात, काही सगळं अडवतात. ही सेटिंग कुणी न ठरवता तशीच पडलेली असते.

पहिल्या आठवड्यात पाच मशीन, मग पंधरा, मग सगळी. गुजरात सरकारच्या नोकरभरतीच्या ओजस साइटवर फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसांत, विद्यापीठाच्या परीक्षांत आणि जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या आसपास काहीही बदलू नका. एका मुलाचं अख्खं वर्ष एका फॉर्मवर अवलंबून असतं.

९. दर महिन्याला वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसा

पहिल्या सोमवारी अर्धा तास पुरतो. ॲडमिनच्या मशीनवरून नको, अभ्यासिकेतल्या कुठल्याही मशीनवरून, विद्यार्थ्याच्या लॉगिनने.

- अडवलेल्या कॅटेगरीतली एक साइट क्रोम, फायरफॉक्स आणि एजमध्ये उघडून बघा. तिन्हीकडे अडली पाहिजे.
- एखादी नेहमीची साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, सर्टिफिकेट कुणी दिलं ते वाचा. संस्थेचं नाव हवं. बँकेच्या साइटवर मात्र संस्थेचं नाव दिसता कामा नये.
- बॅडएसएसएलची पाचही पानं परत.
- ब्राउझरमध्ये हाताने डीओएच चालू करता येतंय का ते बघा.
- आयपीव्ही६ मिळतंय का ते बघा.
- फायरवॉलच्या लॉगमध्ये यूडीपी ४४३ अडवल्याच्या ओळी शोधा. एकही नसेल तर नियमांची क्रमवारी बघा. वरच्या एखाद्या नियमातून ते सुटत असण्याची शक्यता जास्त.
- न उघडण्याच्या यादीतली जी नावं आता लागत नाहीत ती काढा.
- रूट सर्टिफिकेटच्या मुदतीला तीन महिन्यांहून कमी राहिले असतील तर नवं आजच बनवा आणि जुनं चालू असतानाच सगळ्या मशीनवर पोचवा.

मी दर वेळी १४ नंबरपासून सुरू करतो. वॉर्डनबाई तेव्हा बहुतेक शेजारी येऊन उभ्या राहतात, आणि पानं अडताना स्वतः बघितल्यावर वहीत सही करतात.